सातलिंगअप्पांचा बाजा

“मुकी न्हाय रे ती. गप हाय. मुकं लाकूड येगळं, गप लाकूड येगळं.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं. मी सागवानी फळ्यांच्या थप्पीमागे उभी होते आणि पलीकडे सातलिंगअप्पा त्यांच्या उस्मान मिस्त्रींच्या कानात कुजबुजत होते. अप्पांना स्वतःला कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं वखारीच्या फाटकाबाहेर चहाच्या गाडीपर्यंत पोचायचं. चहावाल्यानं वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा.

“पर अप्पा, कुछ पूछे तो मुंडी हिलाती, बस,” मिस्त्री म्हणाले.

“हिलवू दे की. तू सारखा बोलतोस, त्यानं काय दिवं लागलं?”

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आणीबाणी अजून यायची होती. वडील रेल्वेत होते, त्यांची सोलापूरला बदली झाली आणि आम्ही शुक्रवार पेठेत एका घराच्या माडीवर राहायला आलो. माझ्या खोलीची खिडकी मागच्या लाकडाच्या वखारीवर उघडायची. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मनात वाक्य आधी इंग्रजीत यायचं. त्याचं मराठी करून ते ओठांवर आणेपर्यंत बोलणं दुसरीकडेच गेलेलं असायचं. म्हणून मी बोलायचंच सोडून दिलं होतं. पेठेतल्या बायका मला शिष्ट म्हणत. अप्पांनी मला गप लाकूड म्हटलं. मला ते जास्त आवडलं.

त्या दिवशी माझ्या हातात गिटार होती. आम्ही आधीचं गाव सोडताना तिथल्या शाळेतल्या संगीताच्या बाईंनी ती मला दिली होती. सोलापूरच्या पहिल्याच वैशाखात दुपारी खोलीत फट्कन आवाज झाला. पाहिलं तर गिटारीची पुढची फळी वरपासून खालपर्यंत तडकलेली. वडील म्हणाले, खालीच तर लाकूडवाले आहेत, चिकटवून देतील, आणि मला घेऊन वखारीत आले.

अप्पांनी गिटार हातात घेतली, उलटी केली, भोकातून आत पाहिलं. मग हात घालून आत चाचपलं.

“आतनं रिकामंच हाय की हे!” ते वडिलांना म्हणाले. फसवणूक झाल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

“तबला भी खालीच रैता अप्पा,” मिस्त्री म्हणाले.

“तबल्याला कातडं असतंय. ह्याला काय हाय? ही पोस्टकार्डावानी फळी? सायेब, ही चिकटवून उपेग न्हाय, पुढच्या उन्हात परत फुटंल. मान ऱ्हाऊ द्या, खुंट्या ऱ्हाऊ द्या. पोट मी नवं करून देतो. असं करतो की पोरीचं पोरगं वाजवंल.”

वडील हसले. मी मान हलवली. अशा रीतीनं अप्पा गिटार करायला लागले. त्यांनी आयुष्यात गिटार वाजताना ऐकली नव्हती. त्यांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘बाजा’च राहिली.

अप्पा उंच, खांद्यात वाकलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतर, आणि अंगातल्या सदऱ्यावर कायम भुसा. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडचं. बायकोशी कानडीत भांडायचे, गिऱ्हाइकाशी मराठीत, आणि मिस्त्रींशी दोन्हीत मिळून. वखारीत नवा ओंडका आला की आऱ्याच्या करवतीखाली जाण्याआधी त्यालाही ते विभूती लावत. ओंडक्याच्या कपाळी तीन बोटं ओढायची आणि मग म्हणायचं, “चल बाबा.” सोमवारी आरा बंद. त्यांच्या घरी सोमवारी बैल जुंपत नसत, आणि आरा हाही बैलच, असं त्यांचं म्हणणं. आठवड्यातला तेवढा एकच दिवस माझ्या खिडकीतून चिमण्या ऐकू यायच्या.

त्यांची एक खोड साऱ्या पेठेला माहीत होती. समोर लाकूड दिसलं की ते ठोकून बघायचे. दार, खाट, बाक, देवळाचा खांब, काहीही. बोटाच्या पेरानं टक टक करायचं, हनुवटी त्याला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “माताड, माताड.” बोल, बोल. लाकडाशी ते कानडीतच बोलत. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला वैरागला गेले होते. पोहे आले, मुलगी आली, आणि अप्पा उठून माजघरातले खांब ठोकत फिरायला लागले. मुलीच्या बापाला वाटलं, हा माणूस आपल्या घराची किंमत काढतोय. शब्दाला शब्द वाढला आणि पाहुणे पोहे टाकून उठले. पण अप्पांना त्या रात्री झोप आली नाही. एका खांबाला आतून वाळवी होती आणि नेमकी त्याच्याखाली मुलीच्या आजोबांची खाट. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडीतून सागवानी खांब पाठवला, बरोबर मिस्त्री, आणि निरोप दिला, “लगीन करा न्हायतर करू नका, म्हाताऱ्याची खाट तेवढी हलवा.” लग्न झालं. सून आल्यावर अप्पा तिला म्हणायचे, “तुला बगितलीच न्हवती मी. तुजा खांब बगून पसंत केली.”

लाकडांची त्यांनी एक उतरंड लावलेली होती आणि ती ते कुणालाही ऐकवत. सागवान म्हणजे जावई, त्याला वरची जागा. शिसम म्हणजे थोरला भाऊ, काळा पण भरवशाचा. बाभूळ गडी. आंबा पाव्हणा, फार दिवस टिकत नाही. आणि खोक्याचं लाकूड, म्हणजे मिलची यंत्रं ज्या पेट्यांतून येत त्या पेट्यांचं, ते लाकडात धरायचंच नाही. ते कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा बंबाला.

साहजिकच पहिला बाजा झाला तो सागवानाचा. पुढून, मागून, बाजूनं, सगळा सागवान. अप्पांनी देवघराच्या दारासाठी राखून ठेवलेली फळी त्याला वापरली.

“सागवान नक्को बोल्या मैं,” मिस्त्रींनी मला सांगितलं. “बुढ्ढा सुनताच नै. कान से भी नै सुनता, वैसे भी नै सुनता.”

“शिकलेल्या पोरीच्या हातात काय बाभूळ देऊ व्हय?” अप्पा म्हणाले. त्यांना नेमकं हवं तेवढं ऐकू यायचं.

बाजूच्या पट्ट्या वाकवायची युक्ती मिस्त्रींची. वखारीला लागूनच अप्पांचं घर, आणि त्याच्या परसात तांब्याचा मोठा बंब होता. त्याच्या मधल्या नळीत जाळ केला की तिचं वर निघालेलं तोंड चांगलंच तापायचं. पाण्यात भिजवलेली पातळ पट्टी मिस्त्री त्या नळीवर दाबून धरत, वाफ निघे, आणि लाकूड हळूहळू कंबरेसारखं वळे. त्या दिवसांत अप्पांच्या घरात कुणालाच वेळेवर अंघोळीचं पाणी मिळालं नाही. त्यांच्या बायकोला, गंगव्वांना, सगळे अव्वा म्हणत. अव्वा परसात येऊन म्हणायच्या, “आज तरी पानी तापवू देता का, का मी बी बाज्यावर पानी वतून घिऊ?”

पहिला बाजा सोमवारी तयार झाला, कारण आरा बंद असतानाच वाजवून बघता येणार होतं. मी माडीवरून खाली आले. हमाल थप्प्यांवर बसले होते. अप्पांनी एक लांब पातळ पट्टी घेतली, तिचं एक टोक मिस्त्रींना गिटारीच्या अंगाला टेकवून धरायला सांगितलं आणि दुसरं टोक स्वतःच्या दातांत धरलं. उजवा कान आऱ्याच्या आवाजानं केव्हाच खाल्ला होता. दात अजून ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. मी वाजवलं. सहा तारांतून सहा वेळा दार ठोठावल्यासारखा आवाज आला.

“झकास!” हमाल म्हणाले.

अप्पांनी पट्टी तोंडातून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते.

“गप बसली,” ते म्हणाले. “नापास.”

“अप्पा, छान आहे,” मी कसंबसं म्हणणार होते, पण ते शब्दही वेळेवर आले नाहीत.

“कपाट में चूहा बैठके तुणतुणा बजारा सरीका लगता,” मिस्त्री म्हणाले, आणि एवढं मात्र अप्पांना स्पष्ट ऐकू आलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. “हे बग पोरी. ह्यास्नी पगार मी देतो. म्हनून ह्यांचं समदं झकास. मला पट्टीतनं नुसतं गुरगुरल्यावानी लागतं. गोड का कडू ते मला कळत न्हाय आता. ते तुज्या तोंडावर बगायचं. तू खोटं बोलत न्हाईस.”

मी काहीच बोलत नव्हते, म्हणून खोटंही बोलत नव्हते. पण मान हलवली.

सागवानी बाज्याची पाठ अव्वांनी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून घेतली. मान आणि खुंट्या काढून ठेवल्या, बाकीचं बंबात गेलं. “अंघुळीला तरी कामाला आला,” अप्पा म्हणाले.

दुसरा बाजा शिसमाचा. थोरला भाऊ. तो वजनाला जड आणि दिसायला फार देखणा होता. पहिली जाड तार छेडली तेव्हा तिचा घुमारा माझ्या मांडीपर्यंत आला. पण बारीक तारा वाजवल्या तर त्यांचा आवाज आतच बुडून गेला, तोंडावर उशी दाबल्यासारखा. पट्टी दातांत धरून अप्पा माझ्याकडे एकटक बघत होते.

“ह्या खेपेला गप बसायला येळ लागला तिला,” ते मिस्त्रींना म्हणाले. “म्हंजे अर्धं जमलंय. कुटलं अर्धं पोरी?”

मला एवढं नक्की कळत होतं. मी गिटार उलटी केली, पाठीवर टक टक केलं आणि मान होकारार्थी हलवली. मग सुलटी केली, पुढच्या फळीवर टक टक केलं आणि मान नकारार्थी हलवली. आपण अगदी अप्पांसारखंच केलं, हे मला नंतर जाणवलं आणि कानांपर्यंत लाज वाटली. अप्पांनी ते पाहिलं होतं.  ते मिस्त्रींना म्हणाले, “पोट काढ. पाठ ऱ्हाऊ दे.” पुढची शिसमी फळी बंबात गेली.

त्यानंतर बरेच दिवस काही हललं नाही. अप्पांनी कडुलिंब तासून पाहिला, आंबा पाहिला. ठोकायचे, हनुवटी लावायचे, “माताड” म्हणायचे आणि टाकून द्यायचे. एकदा मी अव्वांकडे बसले होते. अव्वा ज्वारीची भाकरी चुलीच्या कडेला उभी करून कडक करत होत्या.

“डावा बी चाललाय,” अव्वा हळूच म्हणाल्या. “डाक्टर म्हनला, ह्याच्यापुढं काय ऱ्हानार न्हाय, आऱ्यापास्नं लांब ऱ्हावा. कबूल करत न्हाईत. रेडिओवर हात ठिऊन बसत्यात, अन् बातम्या चालल्यात तरी मान डोलवत्यात.”

तेवढ्यात अप्पा आत आले, म्हणून अव्वा गप्प झाल्या. तसं गप्प व्हायची काही गरज नव्हती. अप्पांनी पाटावर बसून कडक भाकरी उचलली आणि सवयीनं बोटाच्या पेरानं ठोकली. ती पापडासारखी पातळ, वाळून खडखडीत झालेली. टण्ण वाजली. त्यांनी हनुवटी लावून परत ठोकली. मग ताटातली मऊ भाकरी ठोकली. ती काहीच बोलली नाही.

“पीठ एकच,” अप्पा म्हणाले. “एकच पीठ न्हवं का गं?”

“न्हायतर काय, तुमच्यासाठी सागवानाचं दळू?” अव्वा म्हणाल्या.

अप्पा उठले. कोपऱ्यात एक जुनी पेटी होती, अव्वा तिच्यात कडक भाकऱ्यांची चळत ठेवत. मिलची यंत्रं ज्यांतून बोटीनं आली होती त्यांतलीच एक, अव्वांच्या सासूच्या काळापासून चुलीशेजारी वाळत पडलेली. अप्पांनी झाकण उचललं, एका हातानं कडेला चिमटीत धरलं आणि ठोकलं. मी दोन हात अंतरावर बसले होते. ते झाकण भाकरीसारखंच वाजलं, पण भाकरीचा आवाज लगेच विरला आणि याचा विरायला तयार होईना. अप्पा माझ्याकडे वळले. माझं तोंड उघडं राहिलं होतं.

“खोक्याचं,” अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. “खोक्याचं व्हय?”

दोन दिवस त्यांनी ते झाकण तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींना दिलं, पण लाजत. “कुनाला सांगू नको,” ते म्हणाले, आणि ते अर्थातच चहाच्या गाडीला ऐकू गेलं. झाकणावर काळ्या रंगाची इंग्रजी अक्षरं होती. अप्पांनी ती मला वाचायला सांगितली. मी बोटानं वर दाखवलं. ही बाजू वर, असं लिहिलं होतं.

“मग हीच बाजू वर लावायची,” अप्पा म्हणाले. “लिवलंय तर लिवलंय.”

“अक्षरां दिखे तो लोगां हसेंगे,” मिस्त्री म्हणाले. बरीच हुज्जत झाली. शेवटी अक्षरं आतल्या बाजूला गेली. पण त्याआधी अप्पांनी त्यांच्यावर विभूतीची तीन बोटं ओढली. खोक्याच्या लाकडाला विभूती लावताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मिस्त्री फळी तासून पातळ करत होते तेव्हा अप्पा माझ्या शेजारी थप्पीवर येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू होता, कदाचित त्यांना तो मोठाच वाटत असेल.

“जल्म गेला माजा लाकूड कापन्यात,” ते म्हणाले. “आऱ्याखाली वरडतं तेवढंच ऐकलं मी त्याचं. एकदा गाताना ऐकावं म्हनतो. पट्टीतनं तर पट्टीतनं. पन ते गातंय का वरडतंय, ते कुनीतरी सांगाय पायजे की न्हाय? माजं मलाच वाटाय नको.”

मी मान हलवली. वडिलांची बदलीची ऑर्डर आदल्या दिवशीच आली होती. मिरजेला जायचं होतं, पुढच्या आठवड्यात. म्हणजे येता सोमवार शेवटचा होता, आणि चौथ्या बाज्याला वेळ नव्हता. हे वडिलांनी अप्पांना सांगितलं होतं. 

सोमवारी मी खाली आले तेव्हा वखार झाडून ठेवलेली होती. अप्पांचा सदरा धुतलेला होता. बाज्याची पाठ काळी शिसमाची, पुढची फळी पिवळट, साधी, कसलीही नक्षी नसलेली. बाजा हातात घेतला तर इतका हलका की मी घाबरले. परसात बंब पेटलेला होता, कारण अव्वांनी त्या दिवशी कुणाचंही न ऐकता पाणी तापत ठेवलं होतं. मिस्त्रींनी पट्टीचं टोक बाज्याला टेकवलं. अप्पांनी दुसरं टोक दातांत धरलं आणि माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवली.

मी सगळ्यात जाड तार छेडली, मग तिच्या खालची, मग पुढच्या. मग संगीताच्या बाईंनी शिकवलेलं सगळ्यात सोपं, लहान मुलांना शिकवतात ते वाजवलं. प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती आणि तरी एकमेकींना धरून होती. आवाज माझ्या बरगड्यांत लागत होता आणि त्याच वेळी वखारीच्या पार त्या टोकाला, पत्र्याखाली पोचत होता. चहावाला ओतता ओतता थांबला. अव्वा पिठाचे हात घेऊन दारात आल्या. मी बोटं तारांवरून उचलली तरी तो आवाज थोडा वेळ तसाच राहिला, जसा त्या दिवशी झाकणाचा राहिला होता.

अप्पांनी पट्टी काढली. “बोल,” ते म्हणाले.

 मराठी नाही, इंग्रजी नाही, कुठलाच शब्द येईना. डोळे भरून येतील म्हणून मी खाली पाहिलं.

“अच्छा है अप्पा! वाह क्या बोल्या!” मिस्त्री ओरडले.

“तू पगारी,” अप्पा म्हणाले. हमालांकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहात राहिले, बराच वेळ. एवढा वेळ मी याआधी कधीच गप्प राहिले नव्हते.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. त्यांनी हलकेच बाजा माझ्या मांडीवरून उचलला. माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला. “तुजी काय चूक न्हाय पोरी. खोक्याचं ते खोक्याचंच.”

आणि ते परसाकडे निघाले. वाकलेले खांदे, पाठीवर धुतलेला पांढरा सदरा, एका हातात मानेला धरलेला बाजा. मिस्त्री मागून हाका मारत होते, “अप्पा! ओ अप्पा!” पण अप्पांना पाठमोरं असताना काहीच ऐकू येत नसे. अव्वा दारातून त्यांना आडव्या गेल्या, त्यांना वळसा घालून ते पुढे गेले. बंबाच्या नळीतून धूर निघत होता.

मी उभी राहिले. सगळी वखार माझ्याकडे बघत होती, चहाच्या गाडीवरची माणसंसुद्धा. मी धावले, परसाच्या उंबऱ्यात त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि त्यांच्या डाव्या कानाशी, एवढ्या मोठ्यानं की माझाच आवाज मला ओळखू येईना, ओरडले:

“माताडतोय अप्पा! माताडतोय!”